दिरा घरात, जिलबाब रस्त्यावर : मोगादिशूतील स्त्रीवेशाच्या बदलाचा प्रकरण अभ्यास

सोमालियाची राजधानी मोगादिशू हिची १९७०च्या दशकातली छायाचित्रे आणि त्याच शहराची गेल्या वीस वर्षांतली छायाचित्रे शेजारी ठेवून हळहळ व्यक्त करण्याची पद्धत आता चांगलीच रूढ झाली आहे. पहिल्या छायाचित्रांत उघड्या डोक्याच्या, मोकळ्या खांद्यांच्या, क्वचित आखूड स्कर्टमधल्या तरुणी दिसतात. दुसऱ्यांत डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एकरंगी जाड कापडात, म्हणजे जिलबाबात, झाकलेल्या स्त्रिया दिसतात. ही छायाचित्रे खरी आहेत आणि बदलही खरा आहे. त्याचे जे स्पष्टीकरण सोबत दिले जाते, ते मात्र घाईचे असते. एक पक्ष म्हणतो की सोमाली स्त्रीचा अस्सल वेश अरबी पैशाने गिळला. दुसरा म्हणतो की सोमाली समाज एवढी शतके मुसलमान असूनही त्याला धर्माचे नीट ज्ञान आत्ताच झाले. हा बदल नेमका कोणत्या वर्षांत, कोणाच्या पुढाकाराने आणि कोणत्या कारणांनी झाला हे क्रमाने पाहिले, तर दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी ठरतात. पुढील मांडणी मुख्यतः मोगादिशू शहरापुरती आहे आणि निर्वासित झालेले मोगादिशूकर जिथे गेले, तिथपर्यंत तिचा माग आहे.

आधीचा वेश

सोमाली समाजाचा मोठा भाग उंट आणि शेळ्यामेंढ्या पाळणारा होता. त्यातल्या स्त्रिया पाणी आणत, जनावरे राखत आणि वस्ती हलली की घर उलगडून उंटावर लादत; नव्या जागी ते पुन्हा उभेही त्याच करत. या कामांना साजेल असाच त्यांचा वेश होता. गुंतीनो म्हणजे एक लांब न शिवलेले कापड; त्याची टोके एका खांद्यावर गाठ मारून बांधायची आणि उरलेले कमरेभोवती गुंडाळायचे. दुसरा खांदा आणि दोन्ही हात मोकळे राहत. त्यावर गरज पडेल तेव्हा गरबासार, म्हणजे खांद्यावरून किंवा डोक्यावरून घ्यायची ओढणी असे.

डोके झाकण्याचा नियम या व्यवस्थेतही होता, फक्त तो वेगळ्या गोष्टीशी बांधलेला होता, आणि या प्रकरणातला कळीचा मुद्दा माझ्या मते हाच आहे. अविवाहित मुलीचे केस वेण्या घालून उघडे असत. लग्न झाल्यावर ती केस रुमालात बांधी. १९व्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनीही विवाहितेच्या डोक्यावरच्या निळ्या किंवा गडद कापडाची नोंद केली आहे. पुढे त्याची जागा रंगीत, बहुधा रेशमी रुमालाने, म्हणजे शाशने घेतली. लग्नानंतर बायकांनी जमून नव्या नवरीच्या डोक्यावर शाश चढवण्याचा ‘शाश सार’ हा समारंभ आजही होतो. थोडक्यात, डोक्यावरचे कापड पाहून ती बाई मुसलमान आहे की नाही हे कळत नसे, कारण तो प्रश्नच नव्हता. जवळजवळ सारेच सुन्नी, शाफिई परंपरेचे मुसलमान होते. कळत असे ते एवढेच की तिचे लग्न झाले आहे.

शहरात गुंतीनोच्या जोडीला दिरा आला. हा वायलसारख्या तलम कापडाचा, पायघोळ आणि ऐसपैस झगा असतो. आत काठाला भरतकाम केलेला परकर असतो, आणि झग्याची एक बाजू उचलून परकरात खोचली की तो काठ दिसावा अशी योजना असते. घरात वापरायला साधा सुती ‘बाती’ आणि सणासमारंभाला दिरा अशी विभागणी होती. समारंभाचा दिरा अंगावर चढवण्याआधी त्याला उन्सीचा, म्हणजे घरी साखर आणि सुगंधी द्रव्ये शिजवून केलेल्या धूपाचा धूर दिला जाई.

‘देशी’ कापड कुठून येत होते

मोगादिशूला विणकामाची स्वतःची मोठी परंपरा होती यात शंका नाही. १३३१ साली तिथे आलेल्या इब्न बतूताने शहराच्या नावाने ओळखले जाणारे कापड इजिप्तपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. बनादीर किनाऱ्यावरचे हे हातमागाचे पट्टेदार कापड, अलिंदी, जुन्या मोगादिशूतल्या विणकर घराण्यांनी विसाव्या शतकापर्यंत टिकवले. पण १९व्या शतकात अमेरिकेतल्या गिरण्यांचे मांजरपाट जांजिबारमार्गे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एवढे आले, की ते तिथे ‘मेरिकानी’ या नावानेच ओळखले जाऊ लागले. जुन्या छायाचित्रांतली पांढरीशुभ्र वस्त्रे, जी आज ‘अस्सल’ म्हणून दाखवली जातात, त्यांतली पुष्कळशी याच परदेशी मांजरपाटाची असणार.

उत्तरेकडच्या किनाऱ्याचा संबंध तर थेट मुंबईशी होता. येमेनचे अदन बंदर १८३९ पासून जवळजवळ शतकभर मुंबई इलाख्याशी जोडलेले होते; समोरचा ब्रिटिश सोमालीलँड १८९८ पर्यंत अदनमार्फत हिंदुस्थान सरकारच्याच कारभारात होता; आणि तिथल्या बर्बेरा बंदराच्या हंगामी जत्रेत भारतीय वाणी कापड घेऊन बसत व कातडी, तूप, डिंक घेऊन परतत. दिरा याच समुद्रावरच्या ये-जेचे अपत्य दिसते, कारण अदनच्या स्त्रियांतही त्याच नावाचा, तसाच तलम आणि सैल झगा रूढ आहे.

हे सांगण्यामागे दिराला परका ठरवण्याचा हेतू नाही. सोमाली बायकांनी तो आपल्या पद्धतीने खोचला, धुपवला, गाण्यांत आणि लग्नांत रुजवला, आणि तेवढ्याने तो त्यांचा झाला. मात्र एकीकडे मातीतला वेश आणि दुसरीकडे जहाजातून आलेला वेश, असा सामना इथे कधीच नव्हता. दोन्ही वेश बंदरातूनच आले. म्हणून जिलबाब बाहेरून आला एवढे सांगून त्याच्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

१९७५ ते १९९० : अल्पसंख्य आणि स्वेच्छेचा टप्पा

२१ ऑक्टोबर १९६९ रोजी सियाद बारे यांनी लष्करी उठावाने सत्ता घेतली आणि पुढल्या वर्षी ‘वैज्ञानिक समाजवाद’ जाहीर केला. स्त्रियांचे शिक्षण, सार्वजनिक जीवनातला त्यांचा वावर, क्रांतीच्या स्वयंसेवकांचा हिरवा गणवेश आणि रंगमंचावरच्या गायिकांचा झगमगता दिरा ही सगळी दृश्ये याच काळातली. ज्या छायाचित्रांवरून आज उसासे टाकले जातात, ती याच शहरी, शिकलेल्या आणि बऱ्यापैकी सरकारी वर्तुळाची आहेत. त्याच वर्षी गावाबाहेर शेळ्या राखणारी मुलगी त्या चौकटीत नव्हती.

जानेवारी १९७५ मध्ये नवा कौटुंबिक कायदा आला आणि वारशात स्त्री-पुरुषांना समान वाटा मिळाला. मशिदीतून त्याला विरोध करणाऱ्या दहा धर्मपंडितांना त्याच महिन्यात गोळ्या घालून ठार करण्यात आले. या घटनेचे पडसाद दूरवर गेले. स्त्रीच्या हक्काचा एक चांगला कायदा आणि हुकूमशाहीचे रक्त लोकांच्या मनात एकत्र बांधले गेले. अनेक धर्मशिक्षक आणि विद्यार्थी सौदी अरेबिया, सुदान, इजिप्तकडे गेले. तेलाच्या भरभराटीमुळे आखाती देशांत मजुरीसाठी जाणाऱ्यांचा ओघ याच सुमारास वाढला होता. आणि १९७४ साली सोमालिया अरब लीगचा सदस्यही झाला होता. जे परतले त्यांनी घरोघरी आणि मशिदींतून अभ्यासवर्ग सुरू केले.

या वर्गांत बसणाऱ्या पहिल्या मुली बहुतांशी शाळा-कॉलेजात जाणाऱ्या होत्या, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या आयांचा धर्म सूफी परंपरेतला होता; संतांच्या कबरींना भेटी, प्रेषितांच्या कन्या फातिमा यांची स्तुतिगीते, धूप आणि सामूहिक गायन. मुलींना आता अरबी वाचून ग्रंथ स्वतः तपासता येत होता, आणि आईपेक्षा आपल्याला अधिक कळते असा एक अभिमानही त्यामागे असावा. आईचा दिरा पारदर्शक आहे, शाश मान आणि गळा झाकत नाही, हा त्यांचा आक्षेप ग्रंथाच्या चौकटीत तर्कशुद्ध होता. त्यांनी अंगावर घेतलेला जिलबाब, म्हणजे डोक्यावरून थेट गुडघ्यांपर्यंत उतरणारे ढगळ आवरण आणि खाली त्याच कापडाचा घागरा, तेव्हाच्या मोगादिशूत उठून दिसे. राजवट या मंडळींकडे संशयाने पाही. म्हणजे या टप्प्यावर जिलबाब घालणे हा बंडखोरीचा, काहीसा धोक्याचा निर्णय होता, आणि तो घेणाऱ्या स्त्रिया थोड्या होत्या.

जाता जाता एक गोष्ट. हा जिलबाब सौदी स्त्रियांच्या काळ्या अबायासारखा, म्हणजे पायघोळ झग्यासारखा नाही. त्याची बेतणी, रंग आणि लांबी सोमाली शिंप्यांच्या हातून ठरत गेली. ‘अरबी वेश’ हे त्याचे वर्णन सोयीचे आहे, पण रियाधच्या रस्त्यावर तो परकाच दिसेल.

यादवी आणि छावण्या

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि शहर टोळ्यांच्या हाती गेले. स्त्रीवेशातला सार्वत्रिक बदल घडला तो इथून पुढच्या दशकात, आणि म्हणूनच हा टप्पा सर्वांत सविस्तर पाहायला हवा.

कुळांच्या लढाईत शत्रूकुळातील स्त्रियांवर बलात्कार हे शस्त्र म्हणून वापरले गेले. सीमा ओलांडून केनियात गेलेल्यांचीही सुटका नव्हती. १९९१ आणि १९९२ मध्ये दादाबजवळ उभ्या राहिलेल्या इफो, दगाहले आणि हागादेरा या छावण्यांमधून सरपणासाठी झुडपांत जाणाऱ्या बायकांवर होणारे हल्ले १९९३ पर्यंत मानवी हक्क संघटनांनी तपशिलाने नोंदवले होते. अशा काळात अंगाचा आकार, वय आणि कुळाची ओळख लपवणारे जाड कापड हे काही प्रमाणात संरक्षण होते. हल्लेखोर त्यामुळे थांबत असे म्हणणे धाडसाचे होईल. पण धार्मिक स्त्रीला हात लावणे अधिक लज्जास्पद समजले जाई, आणि तेवढा आडोसाही काही थोडा नव्हता.

दुसरे कारण पोटाचे होते. पुरुष मारले गेले, पळाले किंवा निकामी झाले, आणि घर चालवणे बायकांवर आले. बकारा बाजारात दुकान मांडणे, चहा विकणे, माल घेऊन एका टोळीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत जाणे, पुढे दुबईपर्यंत फेऱ्या मारणे ही कामे त्यांनी अंगावर घेतली. जिलबाब घातलेल्या स्त्रीला परक्या पुरुषांत वावरताना तिच्या चारित्र्याबद्दल कमी प्रश्न विचारले जात. ज्या वेशाने तिला झाकले त्याच वेशाने तिला बाजाराची वाट मोकळी करून दिली, हे वरवर विसंगत वाटेल. परंतु त्या दशकातल्या व्यापारी स्त्रियांचा उदय त्याशिवाय उलगडत नाही.

तिसरी गोष्ट अशी की, सरकार नसलेल्या शहरात शाळा, अनाथालय, दवाखाना यांपैकी जे काही चालले, त्याचा मोठा भाग धार्मिक संस्थांनी आखाती देणग्यांवर चालवला. या शाळांत मुलीच्या गणवेशात डोके झाकणे आले. इथे जुनी व्यवस्था मुळातून बदलली. आधी डोक्यावरचे कापड लग्नाबरोबर येई. आता ते सात-आठ वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर दप्तराबरोबर आले. विवाहित आणि अविवाहित यांतला रस्त्यावरचा दृश्य भेद त्यामुळे पुसला गेला. खांदे झाकले गेले याची चर्चा खूप झाली. सामाजिकदृष्ट्या मला हा बदल त्याहून खोल वाटतो.

आणि बाजार. नैरोबीच्या ईस्टली भागात गारिसा लॉज नावाचे एक साधे निवासगृह होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे उतरलेल्या सोमाली निर्वासितांनी आपापल्या खोल्यांतूनच माल विकायला सुरुवात केली. खाटेखाली गाठोडी आणि दारात गिऱ्हाईक. पाहता पाहता लॉजचा बाजार झाला आणि त्याच्या नमुन्यावर ईस्टलीत एकामागून एक व्यापारी संकुले उभी राहिली. दुबईहून येणारे कृत्रिम धाग्याचे कापड इथे गठ्ठ्यांनी येई, इथेच जिलबाब शिवले जात आणि मोगादिशू, दादाब, पुढे अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसपर्यंत जात. ज्या दुकानात जिलबाबचे कापड होते, त्याच दुकानात दिराचे वायलही होते. धर्मप्रचारकाने मागणी निर्माण केली असेल, पण ती परवडेल अशा भावात पुरवली ती या व्यापाऱ्यांनी, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या.

सक्तीची वर्षे

जून २००६ मध्ये इस्लामी न्यायालयांच्या संघटनेने मोगादिशू ताब्यात घेतले. वर्षअखेर इथिओपियाच्या फौजांनी त्यांना हुसकावले. आणि त्या संघर्षातून अल-शबाब ही सशस्त्र इस्लामी संघटना प्रबळ झाली. ऑगस्ट २०११ मध्ये ती राजधानीतून माघारी जाईपर्यंत तिच्या ताब्यातल्या वस्त्यांत स्त्रीवेश हा शिक्षेचा विषय होता.

या काळाबद्दल एक गैरसमज पक्का झाला आहे, तो असा की सोमाली स्त्रीला जिलबाबमध्ये अल-शबाबने कोंबले. कालक्रम तसे सांगत नाही. अल-शबाब आली तेव्हा शहरातल्या बहुसंख्य स्त्रिया आधीपासूनच जिलबाब वापरत होत्या. म्हणूनच या संघटनेची सक्ती ‘डोके झाका’ एवढ्यावर थांबू शकली नाही. कापड पुरेसे जाड नाही, रंग भडक आहे, चेहरा उघडा आहे, पायांत मोजे नाहीत, अशा बारकाव्यांवर ती उतरली. ऑक्टोबर २००९ मध्ये तर काचोळी घालणे ही फसवणूक आहे असे म्हणत बायकांना फटके मारल्याच्या बातम्या वृत्तसंस्थांनी दिल्या. आधीच झाकलेल्या स्त्रीवर आपली सत्ता दाखवायची, तर काहीतरी आणखी मागावेच लागते.

या मागण्यांची आर्थिक बाजूही क्रूर होती. जाड, जादा कापडाचा नवा वेश विकत घेणे चहाच्या टपरीवाल्या बाईला सोपे नव्हते, आणि तो नसेल तर बाहेर पडता येत नव्हते. १९९०च्या दशकात जिलबाबने जी बाजाराची वाट खुली केली होती, तीच आता जिलबाबच्या नावाने बंद होऊ लागली. एकाच वस्त्राचे हे दोन परस्परविरोधी परिणाम पंधरा वर्षांच्या अंतराने झाले. म्हणून ‘जिलबाब मुक्त करतो की बांधतो’ या प्रश्नाला साल सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही, असे माझे मत आहे.

पुरुषांच्या वेशाबद्दल दोन शब्द. कमरेला गुंडाळायची लुंगी, म्हणजे मआविस, तीही मुख्यतः आशियातून येणारी. घरात मआविस आणि कचेरीत पॅन्ट अशी अदलाबदल सोमाली पुरुष पिढ्यान्‌पिढ्या करत आला. परंतु त्यावरून राष्ट्राची अस्मिता बुडाली असा शोक कोणी केला नाही. अल-शबाबने पुरुषांच्या दाढीवर आणि विजारीच्या लांबीवर बोट ठेवले होते, तरीही संस्कृती राखण्याचे ओझे दोन्ही पक्षांनी बायकांच्याच खांद्यावर टाकले.

दिरा कुठे गेला

दिरा नाहीसा झाला नाही. लग्नाच्या आधीनंतरचे समारंभ, बाळंतिणीची भेट, ईद, केवळ बायकांच्या बैठका यांत तो आजही आहे, आणि पूर्वीपेक्षा महाग आणि भरजरी आहे. स्त्री जिलबाबमध्ये किंवा अबायामध्ये येते, दाराआड तो उतरवते, आणि आत झळाळता दिरा असतो. काही लग्नांत बायकांच्या दालनात फोनवर चित्रीकरणाला मनाई असते, ती याच कारणाने. घर आणि रस्ता यांच्यातली भिंत पूर्वी दिराच्या बाबतीत एवढी उंच नव्हती. वरून गरबासार ओढून तीच बाई त्याच दिरात शेजारच्या गल्लीत जाई.

गुंतीनोचे तसे झाले नाही. तो रोजच्या वापरातून गेला आणि रंगमंचावर आला. १ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाला, नृत्यपथकांत, लग्नातल्या एखाद्या खास प्रवेशात तो दिसतो. २०१३ मध्ये मिनीॲपोलिसमध्ये सुरू झालेल्या सोमाली संग्रहालयाच्या नृत्यपथकातल्या मुलींसाठी तो शिकून नेसायचा वेश आहे. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. शिवून तयार मिळणारी नऊवारी लेझीमपथकात आणि पाडव्याच्या शोभायात्रेत जी जागा घेऊन आहे, ती जवळजवळ हीच.

परदेशातल्या पिढीने या दोन टोकांबाहेरचे मार्गही काढले. केनियातल्या काकुमा छावणीत जन्मलेल्या हलिमा एडन यांनी २०१६ मध्ये मिनेसोटातल्या सौंदर्यस्पर्धेत हिजाब घालून भाग घेतला, मोठ्या मासिकांच्या मुखपृष्ठांवर त्या झळकल्या, आणि २०२० मध्ये त्या व्यवसायात आपल्या श्रद्धेची ओढाताण होते असे सांगून त्यांनी तो सोडला. मिनेसोटातून निवडून आलेल्या सोमाली वंशाच्या इल्हान ओमर यांच्यामुळे २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाला सभागृहात डोके झाकण्यावरची १८३७ पासूनची बंदी धार्मिक वस्त्रांपुरती शिथिल करावी लागली. दोघींचे शिरोवस्त्र सोमाली शाशच्या आणि जागतिक मुस्लिम फॅशनच्या मधल्या कुठल्यातरी वळणाचे आहे, आणि जिलबाबच्या कडव्या समर्थकांना तेही मान्य नाही.

शेजारची दोन शहरे

मोगादिशूतल्या बदलाचे मूळ कारण राज्यसंस्थेचे कोसळणे हेच आहे का, हे तपासायला दोन शहरे उपयोगी पडतात. जिबूती १९७७ मध्ये फ्रान्सपासून स्वतंत्र झाले. तिथेही सोमाली बहुसंख्य, तिथेही शाफिई इस्लाम, आखात तर समोरच. पण तिथे राज्य टिकले, आणि तिथे दिरा व ओढणी घेतलेली स्त्री आजही भर बाजारात दिसते. अबायाही वाढला आहे, तरी दिराला रस्ता सोडावा लागलेला नाही. एवढेच उदाहरण असते तर निष्कर्ष सोपा होता.

सोमालीलँडची राजधानी हर्गेसा मात्र तो सोपा राहू देत नाही. १९८८ मध्ये सियाद बारे यांच्या फौजांनी हे शहर बॉम्बफेकीने उद्ध्वस्त केले आणि रहिवासी इथिओपियातल्या छावण्यांत गेले. १९९१ नंतर ते परतले, सोमालीलँडने स्वतःचा बऱ्यापैकी शांत कारभार उभा केला, अल-शबाबची सत्ता तिथे कधी आलीच नाही. तरीही तिथल्या रस्त्यावरचा स्त्रीवेश मोगादिशूच्याच वळणावर गेला. तिथे बलात्काराची दहशत किंवा बंदूकधाऱ्याचा चाबूक ही कारणे पुरत नाहीत. छावणीतली वर्षे, परदेशातल्या नातेवाइकांचा पैसा, बर्बेराहून सौदी अरेबियाला जाणाऱ्या जनावरांच्या व्यापारातून येणारा संपर्क, धार्मिक शाळा आणि शेजारणीने घातला म्हणून आपणही घालावा ही साधी सामाजिक ओढ, यांचे वजन तिथे अधिक धरावे लागते. मोगादिशूत ही कारणे हिंसेच्या गदारोळात वेगळी काढता येत नाहीत. हर्गेसात ती हिंसा ओसरल्यावरही काम करत राहिलेली दिसतात, आणि म्हणून मोगादिशूतही केवळ भीतीने हा बदल घडला असे म्हणता येत नाही.